ऑफिसचे ईमेल एंटरप्राइझ सर्चला जोडताना: काय जोडायचे, कोणाला काय दिसायचे?

एप्रिल महिना. मालवणमधल्या एका आंबा-काजू निर्यात कंपनीत परदेशी खरेदीदाराचा ईमेल येतो: "गेल्या हंगामातल्या दुसऱ्या खेपेचा कीटकनाशक-अंश तपासणीचा अहवाल आजच पाठवा." अहवाल ऑफिसात आला होता, हे सगळ्यांना आठवते. पण तो कोणाच्या इनबॉक्समध्ये आला? तेव्हा निर्यातीचे काम पाहणारा मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला. देवगडच्या पॅकहाउसमध्ये प्रत असेल, पण फाइलला नाव दिले आहे 'स्कॅन ००१७'. वाशीच्या ऑफिसातल्या माणसाला वाटते, आपण तो पुढे पाठवला होता. दुपार उलटते, आणि विमानाच्या मालवाहतुकीची वेळ काही थांबत नाही.

ही कंपनी उदाहरणापुरती कल्पिलेली आहे. अडचण मात्र कोकणातल्या निर्यातदाराला, पतसंस्थेला, हॉटेलला आणि सरकारी कार्यालयालाही ओळखीची आहे. त्यावरचा एक उपाय म्हणजे ऑफिसची ईमेल यंत्रणा एंटरप्राइझ सर्चला, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या शोधसेवेला जोडणे. ही जोडणी होते कशी, तिची तयारी काय, धोके कुठे आहेत आणि मराठी मजकुरासाठी वेगळे काय करावे लागते, ते या लेखात पाहू.

एंटरप्राइझ सर्च म्हणजे काय?

गूगलवर आपण जगासाठी खुली असलेली पाने शोधतो. एंटरप्राइझ सर्च शोधते ती एका संस्थेच्या आतली माहिती: ईमेल, सामायिक फोल्डर, हिशेबाचे कागद, ग्राहकांच्या नोंदी, करारपत्रे. शोधायची चौकट एकच असते, पण तिच्यामागे अनेक कपाटे जोडलेली असतात.

असा शोध चालतो तो सूचीवर. जाड पुस्तकाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची यादी असते, तशीच यादी संगणक आधी करून ठेवतो. तिला इंडेक्स म्हणतात. आपण 'साका' हा शब्द टाकला की संगणक लाखभर ईमेल पहिल्यापासून वाचत बसत नाही. सूचीत 'साका' समोर ज्या ईमेलचे क्रमांक आहेत तेवढेच उचलतो. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेली ल्युसीन ही मुक्त प्रणाली याच तत्त्वावर चालते. २०१० मध्ये आलेली इलास्टिकसर्च तिच्यावरच उभी आहे आणि आजच्या अनेक शोधसेवांच्या मुळाशी ल्युसीनच असते.

तरीही ईमेल ही वेगळ्या जातीची वस्तू आहे. सामायिक फोल्डरमधली फाइल बहुधा अनेकांसाठी असते, पण इनबॉक्स एका माणसाचा असतो. त्यात खरेदीदाराच्या पत्राशेजारी पगारवाढीची विनंती असते, तपासणी अहवालाशेजारी कोणाच्या तरी आजारपणाचे कागद असतात. म्हणून तांत्रिक जोडणीपेक्षा कोणाला काय दिसायचे हा प्रश्न मोठा आहे, आणि तो आधी सोडवावा लागतो.

'जोडणे' या शब्दाचे तीन अर्थ

विक्रेता म्हणतो, "तुमचे ईमेल जोडून देतो." त्याला लगेच विचारावे: कोणत्या अर्थाने? कारण अर्थ तीन आहेत.

१. प्रत्येकाला स्वतःचे ईमेल. कर्मचारी एका चौकटीत शोधतो. त्याला संस्थेच्या फाइल दिसतात आणि सोबत फक्त त्याच्या स्वतःच्या इनबॉक्समधले ईमेल. गूगलचे क्लाउड सर्च आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मधला शोध सर्वसाधारणपणे असाच चालतो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा इनबॉक्स त्यात उघडत नाही.

२. सामायिक पेट्यांमधले ईमेल. 'निर्यात', 'हिशेब', 'आरक्षण' अशा कामाच्या नावाने असलेले पत्ते गटाच्या मालकीचे असतात. गटात जो आहे त्याला त्या पेटीतले सगळे सापडते, गटाबाहेरच्याला काहीच सापडत नाही.

३. चौकशीसाठीचा शोध. न्यायालयीन वाद, लेखापरीक्षण किंवा फसवणुकीची चौकशी असेल तेव्हा नेमलेली एखादी व्यक्ती सर्व पेट्यांमध्ये शोधू शकते. यासाठी गूगलचे व्हॉल्ट किंवा मायक्रोसॉफ्टचे ई-डिस्कव्हरी अशी वेगळी साधने आहेत. तिथे कोणी काय शोधले याची नोंद राहते. रोजच्या शोधाशी ही सोय मिसळू नये.

आपल्या कंपनीला हवा असलेला अहवाल पहिल्या अर्थाच्या जोडणीने सापडणार नाही. तो सोडून गेलेल्या माणसाच्या पेटीत आहे. तिसऱ्या अर्थाने सापडेल, पण त्यासाठी सगळ्यांची कपाटे उघडावी लागतील. खरा उपाय दुसरा आहे: संस्थेच्या कामाचे ईमेल संस्थेच्या पेटीत यायला हवेत. शोधसेवा घेण्याआधी ही घडी बसवली, तर निम्मे काम तिथेच होते.

जोडणी आतून कशी चालते?

ईमेल आणि शोधसेवा यांच्यामध्ये कनेक्टर नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. त्याची कामे चार.

पहिले, ओळख पटवणे. पूर्वी ईमेलचा पासवर्डच दुसऱ्या प्रोग्रॅमला देत असत. ती पद्धत आता मोडीत निघाली आहे. मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्स्चेंज ऑनलाइन सेवेत केवळ पासवर्डवर चालणारी जुनी ओळखपद्धत ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला घेतली. आता ओऑथ २.० या पद्धतीने पासवर्ड न देता मर्यादित परवाना दिला जातो, उदाहरणार्थ 'फक्त वाचता येईल. पाठवता किंवा पुसता येणार नाही'.

दुसरे, मजकूर काढणे. ईमेलमध्ये विषय, पाठवणारा, तारीख, मजकूर आणि जोडपत्रे असतात. कनेक्टर पीडीएफ, वर्ड, एक्सेल उघडून त्यातला मजकूर वाचतो. उत्तरांच्या साखळीत तोच मजकूर दहादा आलेला असतो, आणि एकच ईमेल पाच जणांच्या पेट्यांमध्ये असतो. प्रत्येक ईमेलला असलेल्या ओळख-क्रमांकावरून अशा प्रती एकत्र करता येतात.

इथे एक बारीक फट आहे. पाठवणाऱ्याच्या प्रतीत 'बीसीसी' केलेल्यांची नावे असतात, घेणाऱ्यांच्या प्रतीत नसतात. प्रती एकत्र करताना पाठवणाऱ्याची प्रत सर्वांना दाखवली, तर लपवलेली नावे उघडी पडतात. विक्रेत्याला हा प्रश्न जरूर विचारावा.

तिसरे, परवानग्या सोबत नेणे. प्रत्येक ईमेलबरोबर 'हा कोणाला दिसू शकतो' ही यादी इंडेक्समध्ये जावी लागते. शोधणारा माणूस कोण आहे ते पाहून, यादीत नसलेले निकाल दाखवण्याआधीच गाळले जावेत. निकाल दाखवून फक्त उघडू न देणे पुरेसे नाही, कारण 'राजीनामा: तातडीचे' एवढी विषयाची ओळ दिसली तरी गुपित फुटते.

चौथे, ताजे राहणे. पहिल्यांदा सगळे ईमेल वाचले जातात. यादी मोठी असेल तर त्याला काही दिवस लागू शकतात. नंतर फक्त बदल आणले जातात: नवे आलेले, पुसलेले, हलवलेले. पुसलेला ईमेल इंडेक्समधूनही जायला हवा, नाहीतर इनबॉक्समध्ये नसलेले पत्र शोधात भुतासारखे दिसत राहते.

जोडण्याआधीची तयारी

या तयारीला आठवडा लागला तरी तो वाया जात नाही.

पेट्यांची यादी करा. किती वैयक्तिक, किती सामायिक, किती नुसती टोपणनावे आणि किती बंद पडलेल्या. बहुतेक ऑफिसांत या यादीतच काही धक्के बसतात: सोडून गेलेल्या माणसाचे खाते चालू असते, 'हिशेब' या पेटीचा पासवर्ड सहा जणांना ठाऊक असतो, आणि मालकांचा वैयक्तिक जीमेल पत्ता निम्म्या खरेदीदारांकडे असतो.

पेट्या तीन ढिगांत वाटा. जोडायच्या: निर्यात, आरक्षण, खरेदी, तक्रारी. विचार करून जोडायच्या: हिशेब, बँक, करार. मुळीच जोडायच्या नाहीत: मनुष्यबळ, पगार, वैद्यकीय कागद, वकिलांशी पत्रव्यवहार आणि लैंगिक छळ प्रतिबंधाच्या अंतर्गत समितीची पेटी. २०१३ च्या कायद्यातील कलम १६ नुसार या समितीपुढची तक्रार, नावे आणि कार्यवाही यांची गोपनीयता पाळणे बंधनकारक आहे. तिची पेटी शोधात येणे ही केवळ तांत्रिक चूक राहत नाही.

निर्णय कोणाचा ते ठरवा. यंत्रणा जोडणाऱ्या माणसाने कोणती पेटी जोडायची हे ठरवू नये. त्या पेटीतल्या कामाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याची लेखी संमती घ्यावी.

कर्मचाऱ्यांना आधी सांगा. काय जोडले जाणार, कोणाला काय दिसणार आणि कधीपासून, हे एका पानावर, मराठीत, सगळ्यांना कळेल असे लिहून द्या. लपूनछपून केलेली जोडणी पुढे कितीही चांगली चालली, तरी लोक कामाचे बोलणे व्हॉट्सॲपवर नेतात आणि शोधण्यासारखे मागे काही उरत नाही.

तीन प्रकारच्या यंत्रणा, तीन वाटा

गूगल वर्कस्पेस. संस्थेचा ॲडमिन गूगल क्लाउडमध्ये एक 'सर्व्हिस अकाउंट' तयार करतो आणि ॲडमिन कन्सोलमध्ये सुरक्षा विभागातल्या एपीआय नियंत्रणांत जाऊन त्याला 'डोमेन-वाइड डेलिगेशन' देतो. देताना परवानगी फक्त जीमेल वाचण्यापुरती ठेवावी. ही परवानगी नावाप्रमाणे संपूर्ण डोमेनला लागू होते. चारच पेट्या जोडायच्या असल्या, तरी मूळ किल्ली सगळ्या पेट्यांना लागते. कोणत्या पेट्या वाचायच्या हे कनेक्टरमध्ये ठरवावे लागते आणि ती किल्ली असलेली फाइल तिजोरीतल्या वस्तूसारखी जपावी लागते. ती कोणाच्या लॅपटॉपवरच्या 'डाउनलोड्स'मध्ये पडलेली नसावी.

मायक्रोसॉफ्ट ३६५. येथे एन्ट्रा आयडीमध्ये ॲपची नोंद करून ग्राफ या एपीआयची 'मेल वाचणे' ही परवानगी दिली जाते आणि ॲडमिन तिला मंजुरी देतो. ॲपच्या नावाने दिलेली ही परवानगी मुळात सर्व पेट्यांना लागू होते. मात्र एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये ॲपला ठरावीक पेट्यांपुरते बांधून ठेवण्याची सोय आहे. ती वापरावी. जुना कनेक्टर 'ईडब्ल्यूएस' या पद्धतीवर चालत असेल तर विकत घेण्याआधी थांबा. एक्स्चेंज ऑनलाइनमधून ती पद्धत ऑक्टोबर २०२६ पासून काढायला सुरुवात करणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते.

स्वतःचा किंवा होस्टिंगवाल्याचा सर्व्हर. लहान शहरांतल्या अनेक संस्थांचा ईमेल वेबसाइटच्या होस्टिंगबरोबरच घेतलेला असतो. तिथे बहुधा आयमॅप हीच वाट असते. १९८० च्या दशकात मार्क क्रिस्पिन यांनी घडवलेली ही पद्धत आजही जवळपास सगळीकडे चालते. पण आयमॅपवरून आलेल्या ईमेलसोबत संस्थेतल्या गटांची माहिती येत नाही. कोणती पेटी कोणाची, हे शोधसेवेत हाताने भरावे लागते आणि माणसे बदलली की पुन्हा बदलावे लागते. येथे फक्त सामायिक पेट्याच जोडाव्यात.

मराठी मजकूर का सापडत नाही?

जोडणी नीट झाली, परवानग्या बरोबर बसल्या, तरी मराठी ऑफिसात तक्रार येते: "समोर दिसणारा शब्द टाकतो, तरी सापडत नाही." त्याची कारणे ठरलेली आहेत.

जुने फॉन्ट. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टंकलेले कागद पडद्यावर मराठी दिसतात, पण आत साठवलेली असतात वेगळीच चिन्हे. संगणकाला तिथे 'मालवण' हा शब्द सापडत नाही. असे कागद रूपांतर करूनच इंडेक्समध्ये घ्यावे लागतात.

स्कॅन केलेले कागद. मोबाइलने काढलेला पावतीचा फोटो किंवा स्कॅन केलेला अहवाल हे चित्र असते. त्यातली अक्षरे ओळखण्यासाठी ओसीआर लागते. टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीत मराठीची सोय आहे. छापील मजकूर ती बऱ्यापैकी वाचते, पण दलालाच्या हस्ताक्षरातली पट्टी वाचेल अशी आशा धरू नये.

विभक्तीची रूपे. 'आंबा' शोधला तर 'आंब्याच्या', 'आंब्यांना', 'आंब्यासाठी' असलेले ईमेलही यायला हवेत. इंग्रजीसाठी तयार केलेली प्रणाली हे जोडत नाही. ल्युसीनमध्ये हिंदीसाठी शब्दरूपे ओळखणारी सोय आहे, पण मराठीचे प्रत्यय वेगळे आहेत. 'आम' आणि 'आंबा' यांच्यात फरक आहे तेवढाच त्यांच्या प्रत्ययांतही आहे. सेवा निवडताना आपल्याच ईमेलमधले वीस शब्द घेऊन परीक्षा घ्यावी.

एकच अक्षर, दोन लेखन. 'बागायतदाऱ्या' किंवा 'वाऱ्याचा' मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकला जातो: एक 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरा साध्या 'र' ला न दिसणारे जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. इंडेक्स करताना दोन्हींचे एक रूप करणारे सामान्यीकरण चालू आहे का, ते पाहावे.

अंक आणि लिपी. सातबारा कोणी देवनागरी अंकांत लिहितो, कोणी इंग्रजी अंकांत, कोणी अक्षरांत. 'हापूस' कोणी रोमन लिपीत लिहितो, खरेदीदार 'अल्फान्सो' म्हणतो. वेंगुर्ला आणि वेंगुर्ले दोन्ही चालतात, आणि रोमन लिपीत तर मालवण व सावंतवाडी यांची निदान दोन-दोन स्पेलिंगे. बहुतेक शोधसेवांत समानार्थी शब्दांची यादी भरता येते. ती यादी आयटीवाल्याने नव्हे, निर्यातीचे टेबल सांभाळणाऱ्याने करावी. कोणता माणूस कोणता शब्द वापरतो, हे त्याला ठाऊक असते.

पाऊस, वीज आणि तुटलेली जोडणी

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा मालवण आणि आसपासच्या भागात खांब पडले, वीज आणि मोबाइल सेवा विस्कळीत झाली. दर पावसाळ्यात लहान प्रमाणावर हे होतेच. अशा वेळी जोडणीचे काय होते?

ईमेल आणि शोधसेवा दोन्ही क्लाउडमध्ये असतील तर जोडणी चालूच राहते. मालवणच्या ऑफिसात वीज नसली तरी मोठ्या डेटा सेंटरमध्ये ती असते. तुम्हाला शोधता येत नाही, एवढेच. पण ईमेलचा सर्व्हर किंवा कनेक्टर चालवणारा संगणक ऑफिसातच असेल, तर बदल आणण्याचे काम थांबते.

परत सुरू झाल्यावर 'मागच्या वेळेपासून काय बदलले' असे कनेक्टर विचारतो. जीमेल ही बदलांची नोंद साधारण किमान आठवडाभर ठेवते. खंड त्याहून मोठा झाला तर जुनी खूण चालत नाही आणि सगळे ईमेल नव्याने वाचावे लागू शकतात. जीमेलने बदल आपणहून कळवावेत अशी सोय केली असेल, तर तिचेही दर सात दिवसांच्या आत नूतनीकरण करावे लागते.

यातला खरा धोका असा की चूक गप्प असते. शोध चालतो, निकाल येतात, फक्त गेल्या दहा दिवसांतले काही त्यात नसते. म्हणून शोधपानावर 'शेवटचे अद्ययावत' ही तारीख दिसायला हवी, आणि ती चोवीस तासांहून जुनी झाली तर जबाबदार माणसाला सूचना जायला हवी.

प्रश्नाला थेट उत्तर देणारी एआय जोडली तर

आता अनेक सेवा ईमेलची यादी देण्याऐवजी थेट उत्तर लिहून देतात: "अहवाल अमुक तारखेच्या ईमेलमध्ये आहे." सोय मोठी, पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, परवानग्यांतली चूक आता लगेच दिसते. पूर्वी पगारपत्रक चुकीच्या फोल्डरमध्ये असले तरी तिथपर्यंत कोणी पोचत नसे. आता 'आपल्याकडे सर्वांत जास्त पगार कोणाला?' असे विचारले की उत्तर समोर येऊ शकते. फोल्डर उघडा होताच, शोधाने फक्त तिथपर्यंत वाट काढून दिली.

दोन, ईमेल बाहेरचा कोणीही पाठवू शकतो. त्यात एआयला उद्देशून लपवलेली सूचना असू शकते. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलटमधली 'इकोलीक' नावाची त्रुटी जाहीर झाली. वापरणाऱ्याने काहीही न दाबता, आलेल्या एका ईमेलच्या जोरावर आतली माहिती बाहेर काढता येईल असे संशोधकांनी दाखवले होते. मायक्रोसॉफ्टने ती दुरुस्त केली. धडा कायम आहे: एआयचे उत्तर आले की मूळ ईमेल उघडून पाहावा, आणि अनोळखी पत्त्यांवरचे ईमेल उत्तरांसाठी वापरावेत का याचा वेगळा विचार करावा.

कायदा काय सांगतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने, अठरा महिन्यांनंतर लागू होतात. नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरण्याला कायद्यात काही मोकळीक आहे, पण सुरक्षेची जबाबदारी त्यामुळे सुटत नाही. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. बागेतल्या मजुरांची आधार कार्डे आणि हॉटेलच्या पाहुण्यांची ओळखपत्रे ईमेलमध्ये पडून असतात, हे इथे आठवावे.

सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. म्हणून शोधसेवेची नोंदवहीही चालू ठेवावी.

सरकारी कार्यालयाचा प्रश्न वेगळा

जिल्हा मुख्यालय ओरोसला आहे आणि आठ तालुक्यांशी रोजचा पत्रव्यवहार आता मोठ्या प्रमाणात ईमेलवर चालतो. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये 'माहिती'च्या व्याख्येत ईमेलचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम ४ नुसार अभिलेख सूचीबद्ध ठेवायचे आहेत, आणि अर्जाला ३० दिवसांत, जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यायचे आहे. बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या पेटीत अडकलेले पत्र म्हणजे नागरिकाची अडलेली माहिती.

पण सरकारी ईमेल बाहेरच्या सेवेला परस्पर जोडता येत नाही. ईमेल राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या व्यवस्थेखाली असतो, त्यामुळे जोडणीचा प्रस्ताव त्याच मार्गाने जावा लागतो. २०२५ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा प्रशासनाने कामकाजात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचा प्रकल्प सुरू केला. अशा प्रकल्पांतही प्रश्न तोच राहतो: कोणाला काय दिसायचे? तोवर एक गोष्ट प्रत्येक कार्यालय करू शकते. पत्रव्यवहार व्यक्तीच्या नावाच्या नव्हे, पदाच्या नावाच्या पत्त्यावर घ्यावा. बदलीबरोबर माणूस जातो, पेटी राहते.

माणूस सोडून जातो तेव्हा

खाते घाईने पुसू नये. गूगल वर्कस्पेसमध्ये पुसलेले खाते २० दिवसांत परत आणता येते, मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ३० दिवसांत. त्यानंतर हातातले गेले. मायक्रोसॉफ्टमध्ये जुनी पेटी सामायिक पेटीत बदलता येते, ५० जीबीपर्यंत वेगळा परवानाही लागत नाही. मात्र ती जशीच्या तशी सर्वांसाठी खुली करू नये. त्या माणसाचे खासगी ईमेलही त्यात असतात. कामाचे ईमेल जाण्याआधी त्याच्याबरोबर बसून सामायिक पेटीत हलवणे, हाच सरळ मार्ग.

सुरू करण्याआधीची परीक्षा

सर्वांसाठी खुले करण्याआधी दोन-तीन जणांची खाती घेऊन हे करून पाहा:

• हिशेबाच्या माणसाने 'पगार', निर्यातीच्या माणसाने 'राजीनामा' शोधावे. दिसू नये ते दिसते का?
• गटातून एका माणसाला काढा. किती वेळाने त्याचे निकाल बंद होतात?
• एक ईमेल पुसा. तो शोधातून जातो का?
• 'आंबा' टाकून 'आंब्याच्या' असलेला ईमेल येतो का? स्कॅन केलेला एक अहवाल त्यातल्या शब्दावरून सापडतो का?
• कनेक्टर एक दिवस बंद ठेवा. कोणाला सूचना गेली का?
• परवाना रद्द करून पाहा. इंडेक्समधली जुनी प्रत पुसली जाते का, आणि विक्रेता ते लिहून देतो का?

पहिल्या दोन प्रश्नांत एकही चूक निघाली तर पुढे जाऊ नये.

सगळ्यांना याची गरज आहे का?

नाही. दहा माणसांच्या ऑफिसात चार सामायिक पेट्या, विषयाच्या ओळीत खेपेचा क्रमांक लिहिण्याची सवय आणि अहवाल आल्याबरोबर नीट नाव देऊन सामायिक फोल्डरमध्ये ठेवण्याची शिस्त, एवढ्याने बहुतेक गोष्टी सापडतात. जीमेल आणि आउटलुकमधला रोजचा शोध त्यासाठी पुरतो. माणसे पन्नासच्या वर गेली, ऑफिसे तीन-चार गावांत पसरली आणि माहिती ईमेलबाहेरही अनेक ठिकाणी साठली, की वेगळी शोधसेवा विचारात घ्यावी.

कागद वेळेवर न सापडण्याची किंमत आंबा-व्यवसायाला माहीत आहे. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत कीड आढळल्याचे सांगून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आंब्याची आयात थांबवली होती. ती २०१५ च्या सुरुवातीला पुन्हा खुली झाली. त्या बंदीचे कारण कागद नव्हते, कीड होती. पण तेव्हापासून बाग, पॅकहाउस, तपासणी आणि प्रमाणपत्र यांचा माग दाखवता येणे अधिकच महत्त्वाचे झाले. अपेडाच्या मँगोनेटवर बागेची नोंद असते. त्या नोंदीमागचा पत्रव्यवहार मात्र ज्याचा त्याच्या इनबॉक्समध्ये असतो.

सुरुवातीच्या त्या कंपनीकडे परत येऊ. तिने 'निर्यात' नावाची एक पेटी केली, प्रयोगशाळेला आणि खरेदीदारांना तोच पत्ता दिला, फक्त तीच पेटी शोधसेवेला जोडली आणि तिच्या गटात पाच माणसे ठेवली, असे समजा. पुढच्या एप्रिलमध्ये अहवाल मागितला गेला तर पाचांपैकी कोणीही खेपेचा क्रमांक टाकेल आणि तो मिनिटभरात पाठवेल. सहाव्याला तो दिसणार नाही. जोडणी बरोबर झाली, असे तेव्हा म्हणता येईल.